श्वास धरा, काच बसतेय

पहिल्या दिवशी आल्या आल्या त्याने माझा पंखा बंद केला. मे महिना होता. भाईंदर पूर्वेला आमचा दहा बाय आठचा गाळा, खिडकी नाही, म्हणजे भट्टीच. मी म्हटलं, "अहो, मारता का आम्हाला?" तर म्हणाला, "काकी, दोन मिनिटं. काच बसतेय."

मला काकी म्हणणारा हा माणूस माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल. डोक्यावर केस माझ्यापेक्षा कमी होते. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला अरेतुरे करायला लागले. त्याने काकी म्हणणं सोडलं नाही आणि पंखा बंद करणंही सोडलं नाही. नऊ वर्षं आम्ही एका गाळ्यात काढली. नवऱ्याबरोबर मी सलग एवढा वेळ कधी बसले नाही.

माझं काम साड्यांना फॉल लावायचं आणि पिको करायचं. त्याचं खरं काम फोटोंना फ्रेम करायचं. देवाचे, लग्नाचे, मेलेल्यांचे. समोरच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं, ते रस्ता रुंद करताना गेलं. गाळ्याच्या मालकाने मला न विचारता अर्धी जागा त्याला देऊन टाकली. तोवर लोकांनी फोटो धुऊन घेणंही बंद केलं होतं. "फोटो फोनमध्ये गेले, मग मीपण फोनमध्ये गेलो," असं तो म्हणायचा. म्हणजे फ्रेमची काच कापणारा माणूस फोनवर काच चिकटवायला लागला. दाराशी त्याचं टेबल, मागे माझी मशीन.

आता फॉलच्या कामात कापसाचे बारीक तंतू उडतात. मला दिसत नाहीत, त्याला दिसायचे. त्यातला एक जरी काचेखाली गेला की बबल येतो आणि बबल आला की तो दिवसभर जेवायचा नाही. म्हणून काच बसवायच्या आधी त्याची मोठी पूजा चालायची. गिऱ्हाइकाला मोरीत हात धुवायला पाठवायचं. हवेत बोटांनी पाणी शिंपडायचं. माझी मशीन बंद, पंखा बंद. मग फोन दोनदा पुसून, काच वर धरून तो ओरडायचा, "श्वास धरा!" हे सगळ्यांना असायचं. पिकोला आलेल्या बायकांनाही. एक बाई माझ्याशी ब्लाउजपीसवरून भांडत होती, तिनेही भांडण अर्ध्यावर सोडून श्वास धरला, आणि काच बसल्यावर पुढच्या शब्दापासून सुरू केलं.

एकदा एक रिक्षावाला तोंडात मावा धरून उभा होता. याने श्वास धरायला लावला. त्याने धरला आणि मावा गिळला. रिक्षावाला बाहेर गटारापाशी वाकून ओकतोय आणि हा आतून फोन नाचवत सांगतोय, "देखो भाई, एक भी बबल नहीं!"

फ्रेमच्या धंद्यातले तीन फोटो त्याने येताना बरोबर आणले होते. फ्रेम करायला देऊन कुणी न्यायलाच आलं नाही, असे तीन मेलेले लोक. एक म्हातारी, एक टोपीवाला आणि एक मिशावाला. त्याने ते माझ्या मशीनच्या वर टांगले. मी म्हटलं, "हे कोण लागतात माझे?" म्हणाला, "असू द्या काकी, त्यांना तरी कोण आहे?" झालं असं, की माझ्या गिऱ्हाइकांना वाटलं ही माझी माणसं. कुणी म्हातारीला हात जोडायचं. एकीने मिशावाल्याकडे बघून हळूच विचारलं, "काका कधी गेले हो?" माझा नवरा तेव्हा घरी पाय पसरून टीव्ही बघत होता. पुढे तो खरंच गेला. याने चांगली फ्रेम करून दिली आणि मिशावाल्याच्या शेजारी लावली. तर तीच बाई आली आणि म्हणते, "हे कोण? तुमचे दीर का?"

पण त्याचं खरं वेड वेगळंच होतं. फुटलेला फोन हातात आला की तो आधी स्वतःचा चष्मा पुसायचा. फोन उजेडात तिरका धरायचा, तडा कुठून निघालाय ते बोटाने शोधायचा आणि मग विचारायचा, "कैसे टूटा?" आणि समोरच्याने काही सांगितलं की मान हलवायचा. नाही म्हणून.

एक पोरगा छाती काढून म्हणाला, "बाइकवरून पडला, अंकल. ऐंशीला होतो."

"बाइकवरून पडला असता तर तुझं कोपर सोललं असतं. तू उताणा झोपून बघत होतास. हातातून सुटला, तोंडावर आला, तिथून खाली लादीवर. ओठ बघ आरशात."

ओठ सुजलेलाच होता. मी मशीन थांबवून हसले. पोरगा म्हणाला, "आजी, तुम्ही नका हसू ना."

जिन्यात पडलेला फोन कोपऱ्यातून फुटतो, मागच्या खिशात घालून बसलं की आडवी रेघ जाते, असं त्याचं बरंच शास्त्र होतं. एकदाच तो हरला. पालीची एक कोळीण आली. तिच्या फोनला कुठे मार नाही, कोपरे शाबूत, आणि काच मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. याने उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. शेवटी हात टेकले. "ताई, तुम्हीच सांगा."

"पडला न्हाय रं. उन्हानं तापला व्हता. म्हटलं हा पन नासंल, म्हनून बर्फाच्या पेटीत ठेवला. पापलेटाच्या वर."

तो उठून उभा राहिला आणि त्याने तिला नमस्कार केला. मग आठ दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला तीच गोष्ट. स्वतःचा फोन मात्र बटणांचा. वर काच नाही, कव्हर नाही, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. कुणी हसलं की म्हणायचा, "फुटायला काही ठेवलंच नाही."

त्याचा एक नियम होता. ज्याने फोन फोडला त्यानेच घेऊन यायचं. आई पोराचा फोन घेऊन आली तर परत. साहेबाचा फोन घेऊन शिपाई आला तर परत. म्हणे फ्रेमच्या दुकानात बाया फुटलेला देव घेऊन यायच्या आणि सांगायच्या, मांजराने पाडला. "काकी, तीस वर्षांत या भाईंदरच्या मांजरांनी जेवढे देव फोडले तेवढे कुणी फोडले नसतील. तेव्हाच ठरवलं, मांजराला घेऊन या." या हट्टापायी त्याची अर्धी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायची. त्याला फिकीर नव्हती.

आणि त्याच नियमात मी सापडले.

माझा मुलगा एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. सून मीरा रोडला एका दातांच्या डॉक्टरकडे बसते, पेशंटना वेळा द्यायच्या, त्यांचे फोन घ्यायचे. फोन घरीही वाजतो. जेवताना वाजतो. तो वाजला आणि ती ताटावरून उठली की माझ्या मुलाचं डोकं फिरायचं. एक दिवस तिच्या फोनची काच गेली. काही महिन्यांनी पुन्हा गेली. दोन्ही वेळा ती म्हणाली, ओट्यावरून पडला. दोन्ही वेळा मी म्हटलं, दे इकडे, आणते लावून. शेजारच्या टेबलावर काचवाला बसलेला असताना मी दोन्ही वेळा स्टेशनपर्यंत चालत जाऊन दुसरीकडून काच लावून आणली. गुडघे दुखत होते तरी.

तिसऱ्या वेळी मी दुकानात होते, तिला उशीर झालेला, म्हणून ती थेट गाळ्यावरच आली. त्याच्यापुढे फोन ठेवला.

"काय झालं सूनबाई?"

"ओट्यावरून पडला, काका."

त्याने चष्मा पुसला. फोन तिरका धरला. टाचणी घेतली आणि कोपऱ्याच्या फटीतून काहीतरी उकरून नखावर घेतलं.

"ओटा कसला आहे?"

"काळा. ग्रॅनाइटचा."

"मग हा पिस्ता रंग कुठून आला?"

आमच्या घराला पिस्ता रंग आहे. मुलाच्या लग्नात दिला होता. याने तेव्हा आमच्याकडे लाडू खाल्ले होते. गाळ्यात तीन गिऱ्हाइकं होती. कुणी श्वास धरायला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी धरला होता.

त्याने फोन परत तिच्यापुढे सरकवला. "ज्याने फोडला त्याला पाठव."

सून माझ्याकडे बघत राहिली. मी सुईत दोरा घालत होते, तो आधीच घातलेला होता. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि कामाला गेली.

ती गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तुला काच लावायला बसवलाय की चौकशीला? लोकांच्या घरात नाक खुपसतोस! माझा मुलगा तसला नाही!"

"काकी," तो म्हणाला, "मी मुलाचं नाव घेतलं का?"

मी एक जुनी साडी काढली आणि गाळ्याच्या मधोमध पडदा बांधला.

संध्याकाळी घरी गेले. घरात कुणी नव्हतं. फ्रिजच्या बाजूला भिंतीवर एक कॅलेंडर होतं, गणपतीचं, वाणसामानाच्या दुकानातून मिळालेलं. कॅलेंडर डोळ्यांसमोर लावतात. हे कमरेएवढ्या उंचीवर होतं. ते मी लावलं होतं. पहिल्या वेळी तिथे भिंतीचा टवका उडाला, खाली चुरा पडला. मी तो केरसुणीने गोळा केला, मनाशी म्हटलं ओल आली असेल, आणि मेडिकलवाल्याचं छोटं कॅलेंडर टांगलं. दुसरा टवका त्या कॅलेंडरच्या बाजूला उडाला, म्हणून मी हे मोठं आणलं. तिसऱ्या वेळी फोन थेट गणपतीच्या पोटावर गेला होता. कागद फाटून आत गेलेला. तो तर मी झाकूही शकले नव्हते, नुसती तिकडे बघत नव्हते.

कॅलेंडर काढलं. तीन खड्डे. मी चौथी शिकलेय, पण तीनपर्यंत मोजता येतं.

तेवढ्यात सून आली. माझ्या हातात कॅलेंडर, मागे भिंत.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती आत गेली. चहा टाकला. एक कप. तो घेऊन माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग म्हणाली, "आता पुन्हा झालं तर मी रोह्याला जाणार. माहेरी. पुन्हा येणार नाही. आणि या भिंतीवर काही टांगायचं नाही."

मुलगा आला. चपला काढताना म्हणाला, "कॅलेंडर कुठे गेलं?"

"रद्दीत."

"भिंत कशी दिसतेय! रविवारी पुट्टी मारतो."

आतून सून म्हणाली, "मार. माझी बॅग भरलेली आहे."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, सांग ना हिला."

लहानपणापासून त्याला माहीत, आई सांगते. शाळेत मास्तरांना सांगितलं, बापाला सांगितलं, एकदा पोलीसपाटलालाही सांगितलं, आमचा नाही हो तसला. मी म्हटलं, "उद्या तिचा फोन घेऊन दुकानात जा. काच लावून आण."

"तू आण की. तू तिथेच असतेस."

"ज्याने फोडला त्याने न्यायचा."

"त्या फ्रेमवाल्याला काय सांगू मी?"

"जे झालं ते."

"नाही जाणार."

नाही गेला. आठ दिवस फोन तसाच. सून फुटक्या काचेवर बोट सरकवत पेशंटना वेळा देत होती, अंगठ्याला पट्टी बांधून. बॅग दाराशी. भिंत उघडी. सिलिंडरवाला आला, "काय मावशी, भिंतीला काय झालं?" मी म्हटलं, "मुलाला विचार." समोरची गुजराती शेजारीण खाकरा घेऊन आली, "अरे आंटी, दीवार को क्या हुआ?" म्हटलं, "मेरे बेटे से पूछो." मुलगा बाथरूममध्ये जाऊन बसला. तिनेही चांगला पाऊण तास वाट बघितली.

इकडे दुकानात मी पडद्यामागून दिवसभर मशीन चालवत होते, नसेल काम तरी. तंतू उडू देत. उडाले. त्याच्या काचांना बबल यायला लागले. एका दिवसात दोन. सुनेच्या फोनचं तो खोटं बोलला असता तर मी त्याला एका दिवसात माफ केलं असतं, खरं बोलला होता म्हणून राग जात नव्हता. काच बसवताना पडद्यापलीकडून आवाज यायचा, "काकी, श्वास धरा." मी म्हणायचे, "तूच सोड एकदाचा."

नवव्या दिवशी, दुपारी, मुलगा आला. कामाच्या कपड्यांत, खांद्यावर अवजारांची पिशवी. त्याला वाटलं असेल मी जेवायला गेले असेन. मी पडद्यामागे होते. मशीनवरून पाय काढला.

"कसा फुटला?" नेहमीचाच प्रश्न, नेहमीच्याच आवाजात.

"पडला."

फोन टेबलावरून परत सरकवल्याचा आवाज आला. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या.

"कसा फुटला?"

"...फेकला."

"कुठे?"

"भिंतीवर."

"कुणी?"

"मी. आता लिहून देऊ का?"

"नको. हात धुऊन ये."

मोरी पडद्याच्या आत आहे. मुलगा आत आला आणि मी दिसले. चौतीस वर्षांचा बाप्या, कान लाल. मी साबण पुढे केला. त्याने कोपरापर्यंत हात धुतले. मी पडद्याची गाठ सोडली, त्याची घडी केली, पंखा बंद केला. पाणी शिंपडून झालं. "श्वास धरा," तो म्हणाला, आणि आम्ही तिघांनी धरला.

एकही बबल आला नाही. जुन्या काचेचा चुरा त्याने कागदात गुंडाळून मुलाच्या हातात दिला. "घंटागाडीत असाच टाकू नको. उचलणाऱ्याचा हात कापतो. वर लिही, काच आहे म्हणून." एवढंच बोलला. मुलाला वाटलं होतं काहीतरी उपदेश ऐकावा लागेल. तो बिचारा थोडा वेळ थांबला पण.

माझा मुलगा आतून सुधारला का, ते मला दिसत नाही. आतलं कुणाचंच दिसत नाही. जेवताना फोन वाजला की तो आता ताट घेऊन गॅलरीत जातो. फोन त्यानंतर दोनदा फुटला. एकदा सुनेकडून, रिक्षातून उतरताना. ती स्वतः गेली. एकदा माझ्याकडून. मीपण गेले, म्हणजे माझ्या मशीनवरून उठून त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. त्याने चष्मा पुसला, फोन नाकाशी नेला आणि म्हणाला, "पापड तळत होतात, काकी." बॅग दारातून उचलून कपाटावर गेली, पण रिकामी झाली की नाही ते मी वर चढून बघितलेलं नाही. पुट्टी मारायची मात्र सुनेने कुणाला हिंमत होऊ दिली नाही.

मग बिल्डिंग पाडायला काढली. गाळे रिकामे करायचे होते. मी मशीन घरी आणली. तो राजापूरकडे गावी जायला निघाला. जायच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी आला, बगलेत गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं, खिशात टेप. सरळ फ्रिजजवळ गेला आणि भिंत मापायला लागला.

"काय करतोस?"

"एक फ्रेम उरलीये काकी. सागाची, अठरा बाय चोवीस. आता असं लाकूड मिळत नाही. बाजूला ठेवली होती."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. पण तुम्ही काही जात नाही."

मी त्याला घराबाहेर काढणार होते, पण सून हसली. त्या घरात ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली होती, म्हणून मी गप्प बसले. त्याने तिला विचारलं, "लावू?" तिने भिंतीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लावा."

मागचा पुठ्ठा त्याने काढून टाकलेला होता. फोटो नाहीच. नुसती चौकट आणि काच, ती थेट भिंतीवर, तीन खड्डे बरोबर मध्ये येतील अशी. मुलाने ड्रिल मशीन आणली आणि भोकं पाडून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. काच बसवताना पंखा बंद केला, हे सांगायला नको.

जाताना त्याने मला ते तीन मेलेले देऊ केले. मी म्हटलं, "घेऊन जा बाबा, माझा एक पुरे." नंतर त्याचा फोन येतो अधूनमधून. रबरबँड बदलला म्हणून सांगतो.

पाहुणे येतात, फ्रेमसमोर उभे राहतात, मान तिरकी करून बघतात. सुनेच्या क्लिनिकमधली एक मुलगी म्हणाली, "वॉव, मॉडर्न आर्ट आहे का? कुणी केलंय?" सून नवऱ्याकडे मान करून म्हणाली, "ह्याने. तीन बैठकांत." चहा ती आता मलाही देते. आधी स्वतःचा ओतते, मग माझा.

दिवाळीची साफसफाई निघाली की ती काच पुसायचं काम माझ्या मुलाचं. तो आधी हात धुतो. पंखा बंद करतो. ओला कपडा, मग सुका कपडा. तोंडाने फुंकर मारत नाही. सून कप घेऊन खुर्चीत बसलेली असते.

"डावीकडे वर राहिलंय," ती म्हणते.